चौदा वर्षांचा शिपाई

तुर्कस्तानातील गॅलिपोली द्वीपकल्पावर ‘लोन पाइन’ या नावाने ओळखले जाणारे एक लहानसे पठार आहे. त्या पठारावरील स्मारकाच्या भिंतींवर सुमारे ४,९०० नावे कोरलेली आहेत. ज्यांची कबर कोठे आहे हे कळले नाही, अथवा ज्यांना समुद्राच्या स्वाधीन करावे लागले, अशा ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या सैनिकांची ही नावे होत. त्यांतच ऑस्ट्रेलियाच्या एकविसाव्या पलटणीतील जेम्स मार्टिन याचे नाव आहे. त्याला कोणतेही मोठे शौर्यपदक मिळालेले नाही. त्याच्या हातून कोणताही मोर्चा सर झाला नाही. तरीसुद्धा ऑस्ट्रेलियाच्या शाळांतून आज त्याचे नाव घेतले जाते. कारण मृत्यूच्या वेळी या शिपायाचे वय अवघे चौदा वर्षे आणि नऊ महिने होते. पहिल्या महायुद्धात प्राणास मुकलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांपैकी ज्यांची वये निश्चित ठाऊक आहेत, त्यांत तो सर्वांत लहान मानला जातो.

जेम्सचा जन्म ३ जानेवारी १९०१ रोजी मरी नदीच्या काठी, न्यू साउथ वेल्स प्रांतातील टोकमवाल या गावी झाला. त्याच्या आधी बरोबर दोन दिवस, १ जानेवारी १९०१ रोजी, सहा निरनिराळ्या वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलिया हे एक राष्ट्र झाले होते. राष्ट्राचा आणि या मुलाचा जन्म असा एकाच आठवड्यातला. पुढे पंधरा वर्षे पुरी होण्याच्या आतच त्या कोवळ्या राष्ट्राला आणि त्या कोवळ्या मुलाला एकाच रणभूमीवर उभे राहावे लागले, आणि राष्ट्र तेथून परतले, मुलगा परतला नाही.

चार्ल्स आणि अमेलिया मार्टिन या दांपत्याला सहा अपत्ये होती. त्यांतील जेम्स, म्हणजे घरच्यांचा जिम, हा एकुलता एक मुलगा. बाकीच्या साऱ्या मुली. घरची स्थिती बेताचीच होती. कामाच्या शोधात कुटुंबाने बिऱ्हाडे बदलली आणि अखेरीस मेलबर्न शहराच्या हॉथॉर्न या भागात ते स्थिरावले. तेथे घरात भाडेकरू ठेवून अमेलिया संसाराला हातभार लावीत असे. जिम जवळच्याच मॅनिंगट्री रोडवरील सरकारी शाळेत जाई. शाळा सुटल्यावर तो शेतमजुरीचे काम करू लागला. ऑस्ट्रेलियातील हजारो मुलांचे आयुष्य त्या काळी असेच होते. त्यात नोंद करून ठेवावे असे काही नव्हते.

परंतु त्या पिढीच्या शालेय जीवनात एक गोष्ट नवी होती. १९११ पासून ऑस्ट्रेलियात मुलांना लष्करी कवायत सक्तीची करण्यात आली होती. हिंदुस्थानचे माजी सरसेनापती लॉर्ड किचनर यांनी त्या देशाचा दौरा करून संरक्षणाच्या व्यवस्थेविषयी सल्ला दिला होता आणि त्या सुमारास हा कायदा अमलात आला. बारा वर्षांच्या मुलांना कनिष्ठ पथकात आणि चौदा वर्षांनंतर ज्येष्ठ पथकात कवायत करावी लागे. जिमनेही ही कवायत केली होती. रांगेत उभे राहणे, पाऊल मिळवून चालणे, हुकूम ऐकताच हलणे, हे त्याच्या अंगवळणी पडले होते. शाळेच्या मैदानावर जो खेळ म्हणून शिकविला जातो तो पुढे रणांगणावर खरा करून दाखविण्याची ओढ मुलांना लागावी, यात नवल ते काय?

ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि साम्राज्याचा घटक म्हणून ऑस्ट्रेलियाही त्यात ओढला गेला. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्याही आत होती. परदेशी लढण्यासाठी जे सैन्य उभारण्यात आले ते सर्वस्वी स्वयंसेवकांचे होते. सक्तीच्या भरतीचा प्रश्न पुढे १९१६ मध्ये आणि पुन्हा १९१७ मध्ये लोकमतास टाकण्यात आला. दोन्ही वेळा जनतेने तो फेटाळला. मेलबर्नचे कॅथलिक धर्मगुरू डॅनियल मॅनिक्स हे त्या सक्तीच्या विरोधकांत अग्रभागी होते. म्हणजे जो कोणी युद्धावर गेला तो आपखुशीने गेला, असे कायद्याच्या भाषेत म्हणता येते. पण आपखुशी या शब्दाचा अर्थ चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत काय घ्यावयाचा, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते.

जिमच्या वडिलांनी सैन्यात जाण्याचा प्रयत्न केला होता. त्यांना नाकारण्यात आले. तेव्हा मुलगा पुढे झाला आणि म्हणाला की वडिलांना घेत नसतील तर त्यांच्या जागी आपण जाऊ. आईवडिलांनी अर्थातच विरोध केला. त्यावर त्याने जे सांगितले त्यापुढे त्यांचे काही चालेना. संमती मिळाली नाही तर आपण खोटे नाव घेऊन भरती होऊ आणि घरी एकही पत्र लिहिणार नाही, असे तो म्हणाला. या धमकीत मुलाचा हट्ट आहे, पण तिची धार मोठी विलक्षण आहे. खोट्या नावाने गेलेला मुलगा मेला तरी आईला त्याची वार्ता कळणार नव्हती. त्याचे नाव कोणत्याही यादीत सापडणार नव्हते. मुलगा गमावण्याची भीती एकीकडे, आणि तो गमावला हेसुद्धा न कळण्याची भीती दुसरीकडे, अशा कात्रीत अमेलिया सापडली. अखेर तिने मोठ्या कष्टाने संमतिपत्रावर सही केली.

१२ एप्रिल १९१५ रोजी जिमने मेलबर्न येथे भरतीच्या कागदांवर आपले वय अठरा वर्षे म्हणून सांगितले. त्या दिवशी त्याचे खरे वय चौदा वर्षे तीन महिने होते. एकवीस वर्षांखालील उमेदवाराला पालकांची संमती लागे, आणि ती तर त्याच्याजवळ होती. जन्माचा दाखला कोणी मागत नसे. वैद्य उंची पाहत, छाती मोजीत, दात आणि डोळे तपासीत. शेतावर राबलेला, अंगापिंडाने बरा असलेला मुलगा या तपासणीतून पार पडला. भरती अधिकाऱ्याला माणसे हवी होती, मुलाला जावयाचे होते आणि आईची सही समोर होती. तिघांपैकी कोणी तरी एकाने सत्य बोलण्याची गरज होती. ते कोणीच बोलले नाही आणि असे होऊनही त्या तिघांपैकी कोणालाही दुष्ट म्हणता येत नाही. इतिहासातील पुष्कळ अनर्थ हे अशाच साध्या माणसांच्या साध्या मौनातून घडत आलेले आहेत.

त्याच्या भरतीनंतर तेराच दिवसांनी, २५ एप्रिल १९१५ रोजी, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैन्य गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. या मोहिमेमागील कल्पना कागदावर मोठी आकर्षक होती. दार्दानेल्सची अरुंद सामुद्रधुनी जिंकावी, कॉन्स्टँटिनोपलवर चालून जावे, तुर्कस्तानला युद्धातून बाजूस सारावे आणि रशियाशी सागरी मार्ग खुला करावा, अशी ती योजना होती. ब्रिटिश आरमाराचे मंत्री विन्स्टन चर्चिल हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते. प्रथम केवळ आरमाराच्या बळावर हे साधेल असे वाटले. परंतु १८ मार्च १९१५ रोजी दोस्तांच्या युद्धनौका पाण्यातील सुरुंगांवर आदळून बुडाल्या आणि तो प्रयत्न फसला. मग पायदळ उतरविण्याचे ठरले. मधल्या पाच आठवड्यांत तुर्कांनी आपली तयारी करून घेतली. ज्या उंच कड्यांच्या पायथ्याशी ऑस्ट्रेलियन उतरले त्या कड्यांवर मुस्तफा कमाल या सेनानीने आपली फौज वेळेवर आणून उभी केली. परिणामी किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात ते सैन्य अडकून पडले. पुढे जाता येईना आणि मागे समुद्र.

या मोहिमेशी भारताचाही निकटचा संबंध होता. सुमारे १५,००० भारतीय गॅलिपोलीत होते असे अलीकडील संशोधन सांगते. शीख आणि गुरखा पलटणी तर तेथे लढल्याच. परंतु ऑस्ट्रेलियन सैनिकांना ज्यांची रोज गाठ पडे ते म्हणजे कोहाट आणि जेकब या पहाडी तोफखान्यांचे गोलंदाज आणि खेचरांच्या गाड्या हाकणारे भारतीय जवान. पहिल्याच दिवशी हे तोफखाने किनाऱ्यावर उतरले होते. पाणी, दारूगोळा आणि अन्न हे सारे रात्रीच्या अंधारात या खेचरांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून डोंगरावर चढत असे. त्याच वर्षी आपल्याकडील मराठा पलटणी इराकमध्ये तुर्कांशीच झुंजत होत्या आणि वर्षाअखेरीस कुत येथे वेढ्यात सापडल्या. पुढे ज्या सैन्याचे केंद्र बेळगावात स्थिर झाले त्याच्या इतिहासातील हे एक करुण प्रकरण होय.

मे महिन्यापासून मेलबर्नच्या वृत्तपत्रांत मृतांच्या आणि जखमींच्या याद्या येऊ लागल्या. तेव्हा जिम छावणीत शिक्षण घेत होता. म्हणजे पुढे काय वाढून ठेवले आहे याची काहीच कल्पना त्याला नव्हती, असे म्हणता येणार नाही. तरीही तो मागे फिरला नाही. आपले खरे वय एका शब्दाने सांगितले असते तर त्याला घरी पाठविण्यात आले असते. २८ जून १९१५ रोजी ‘बेरिमा’ या जहाजातून तो इजिप्तकडे निघाला.

इजिप्तमधून ऑगस्टच्या अखेरीस एकविसाव्या पलटणीला ‘साउथलँड’ या जहाजावर चढविण्यात आले. २ सप्टेंबरच्या सकाळी लेमनॉस बेटाच्या जवळ एका जर्मन पाणबुडीने त्या जहाजावर पाणतीर सोडला. जहाजाच्या कुशीला खिंडार पडले. सैनिक शिस्तीने होड्यांकडे गेले. तरीही काही होड्या उलटल्या आणि काही जण बुडाले. ब्रिगेडचे प्रमुख कर्नल लिंटन यांचाही त्यात अंत झाला. जिम चार तास समुद्रात होता. त्यानंतर त्याला वाचविण्यात आले. जहाज मात्र बुडाले नाही. काही स्वयंसेवकांनी भट्ट्या पेटत्या ठेवून ते बंदरापर्यंत नेले. या घटनेनंतर सहाच दिवसांनी, ८ सप्टेंबर १९१५ रोजी, जिम मार्टिन गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरला.

तोवर मोहिमेचा निकाल जवळजवळ लागून चुकला होता. ऑगस्ट महिन्यात दोस्त सैन्याने मोठी चढाई केली. लोन पाइनचे खंदक जिंकले, पण त्यासाठी हजारो माणसे खर्ची पडली. सिडनीचा पंधरा वर्षांचा जॅक हॅरिस हा त्याच लढाईत पडला. मुख्य शिखरे तुर्कांच्याच हाती राहिली. एकविसाव्या पलटणीला कोर्टनीचे ठाणे आणि त्याच्या आसपासचे खंदक सांभाळण्याचे काम मिळाले. याच ठाण्यावर मे महिन्यात आल्बर्ट जॅका याने त्या युद्धातील ऑस्ट्रेलियाचा पहिला व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला होता. शेजारच्या ठाण्यावर तर दोन्ही पक्षांच्या खंदकांत काही ठिकाणी दहा-पंधरा पावलांचे अंतर होते. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठ्या लढाया झाल्या नाहीत. दिवसा पहारा, रात्री खणणे आणि मधूनमधून येणारी गोळी अथवा हातबॉम्ब, असा तो क्रम होता.

या काळातील खरा शत्रू समोरच्या खंदकात नव्हता. पाणी जहाजांतून आणावे लागे आणि ते मोजून मिळे. खाण्यास डब्यातील खारट मांस आणि दगडासारखी कडक बिस्किटे. दोन्ही खंदकांच्या मधल्या जागेत पडलेली प्रेते उचलणे अशक्य होते. उन्हाळाभर माश्यांनी कहर केला. अन्नाचा घास तोंडात जाईपर्यंत तो माश्यांनी काळा होत असे. हगवण आणि विषमज्वर यांनी पलटणीच्या पलटणी पोखरल्या. बंदुकीच्या गोळीपासून बचाव करण्यासाठी खंदक खणता येतो. दूषित पाण्यापासून बचाव करण्यासाठी मात्र त्या उजाड कड्यांवर काहीच उपाय नव्हता.

जिमने घरी लिहिलेली पत्रे कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन युद्धस्मारकात जपून ठेवलेली आहेत. ऑक्टोबर महिन्यातील पत्रांत तो आईला पुनःपुन्हा सांगतो की काळजी करू नये, आपले उत्तम चालले आहे. त्याच्या मनाला एकच गोष्ट लागून राहिलेली दिसते. देश सोडल्यापासून घरचे एकही पत्र त्याला मिळालेले नव्हते. तो लिहीत होता आणि उत्तर येत नव्हते. संमती दिली नाही तर पत्र लिहिणार नाही, असे ज्याने आईला बजावले होते, तोच मुलगा आता आईच्या पत्राची वाट पाहत होता. नियतीने केलेला हा उलटा न्याय वाचणाऱ्याच्या काळजाला घरे पाडतो.

त्या महिन्यात त्याला विषमज्वराने गाठले. आजारी असूनही तो पुष्कळ दिवस खंदकातच राहिला. आजार सांगणे म्हणजे माघार घेणे, असे त्या वयात वाटावे हे स्वाभाविक आहे. २५ ऑक्टोबर १९१५ रोजी अगदी क्षीण झालेल्या अवस्थेत त्याला ‘ग्लेनार्ट कॅसल’ या रुग्णनौकेवर आणण्यात आले. तेथील मुख्य परिचारिका फ्रान्सिस रेडॉक यांनी दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला पत्र लिहिले. नौकेवर आल्यावर त्याला बरे वाटू लागले, जे काही केले त्याबद्दल त्याने गोड शब्दांत आभार मानले आणि शांत झोप घ्यावी म्हणून तो पडला. परंतु हृदयक्रिया एकाएकी बंद पडून त्याचा अंत झाला, असे त्या पत्राचे तात्पर्य आहे. गॅलिपोलीच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर त्याला समुद्राच्या स्वाधीन करण्यात आले. किनाऱ्यावर उतरल्यापासून मोजल्यास त्याचे सैनिकी जीवन सत्तेचाळीस दिवसांचे होते.

आता त्याच सप्ताहातील दुसरी घटना पाहावी. मोहिमेचे सेनापती सर इयन हॅमिल्टन यांना ऑक्टोबरच्या मध्यास परत बोलाविण्यात आले होते. त्यांच्या जागी आलेल्या जनरल मन्रो यांनी परिस्थिती पाहून ३१ ऑक्टोबर रोजी, म्हणजे जिमच्या मृत्यूनंतर सहाव्या दिवशी, द्वीपकल्प सोडून द्यावे अशी स्पष्ट शिफारस केली. डिसेंबरच्या मध्यास रात्रीच्या वेळी, चाहूल लागू न देता, सैन्य काढून घेण्यास प्रारंभ झाला आणि २० डिसेंबरच्या पहाटेपर्यंत ऑस्ट्रेलियन किनारा रिकामा झाला. ही माघार जवळजवळ प्राणहानीवाचून पार पडली. संपूर्ण मोहिमेत एवढीच एक योजना ठरल्याप्रमाणे तडीस गेली असे म्हणतात. तोपर्यंत ८,१०० हून अधिक ऑस्ट्रेलियन आणि सुमारे २,८०० न्यूझीलंडर मृत्युमुखी पडले होते. तुर्कांची प्राणहानी याहून कितीतरी अधिक, सुमारे ८६,००० ची मानली जाते. त्यांच्या बाजूलाही कोवळी मुले होती. तुर्की पंचांगाच्या १३१५ या वर्षी, म्हणजे इसवी सन १८९९ च्या सुमारास, जन्मलेल्या मुलांचा आख्खा वर्ग युद्धकाळात सैन्यात ओढला गेला. एका खंदकातील आईचा आक्रोश दुसऱ्या खंदकातील आईपेक्षा निराळा नव्हता.

ज्या नौकांनी जिमला वाहून नेले त्यांचेही भाग्य पुढे सारखेच ठरले. ‘साउथलँड’ला जून १९१७ मध्ये पुन्हा पाणतीर लागला आणि या वेळी ते बुडाले. ‘ग्लेनार्ट कॅसल’ ही रुग्णनौका २६ फेब्रुवारी १९१८ च्या पहाटे, रुग्णनौकेची खूण असलेले दिवे चालू असतानाच, जर्मन पाणबुडीने ब्रिस्टलच्या खाडीत बुडविली. तिच्यावरील परिचारिकांसह दीडशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. शुश्रूषा करणारे हातसुद्धा त्या युद्धाने वगळले नाहीत.

ऑस्ट्रेलियात २५ एप्रिल हा दिवस दरवर्षी राष्ट्रीय स्मरणदिन म्हणून पाळला जातो. पहाटेच्या अंधारात लोक स्मारकांपाशी जमतात. गॅलिपोलीत आपण एक राष्ट्र म्हणून जन्मास आलो, अशी त्यांची भावना आहे. पराभवातून अभिमान निर्माण करणे हे फार थोड्या समाजांना साधते, आणि त्यात मृतांविषयीचा खरा आदर आहे हे मान्य केले पाहिजे. जिम मार्टिनचे नाव या स्मरणात आदराने घेतले जाते. अँथनी हिल यांनी त्याच्यावर मुलांसाठी लिहिलेले पुस्तकही तेथे पुष्कळ वाचले जाते.

पण त्याच्या कथेकडे केवळ शौर्यकथा म्हणून पाहणे हे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे होईल. तो शूर होता यात संशय नाही. चार तास समुद्रात काढल्यानंतर पुन्हा रणांगणाकडे जाणारा, ज्वराने अंग जळत असता खंदक न सोडणारा मुलगा भित्रा असूच शकत नाही. तथापि मुलाचे शौर्य ही मोठ्यांची सबब होऊ शकत नाही. मूल धाडसी असते, कारण मृत्यूचा अर्थ त्याला पुरता कळलेला नसतो. म्हणूनच त्याच्या वतीने तो अर्थ समजून घेण्याचे कर्तव्य आईबाप, शाळा आणि शासन यांच्यावर येते. मार्टिन कुटुंबाच्या बाबतीत ते सारे ओझे एका आईच्या सहीवर टाकण्यात आले. ती सही तिच्याकडून प्रेमाने काढून घेतली आणि शासनाने तिला संमती हे नाव दिले. एका जन्मदाखल्याची मागणी झाली असती तर जे काम साधले असते, ते न केल्याचा दोष त्या माउलीच्या पदरी बांधणे निर्दयपणाचे होईल.

जगाला हा धडा फार सावकाश उमगला. अठरा वर्षांखालील कोणालाही प्रत्यक्ष लढाईत उतरवू नये असा करार संयुक्त राष्ट्रसंघाने २००० साली संमत केला, म्हणजे जिमच्या मृत्यूनंतर तब्बल पंचाऐंशी वर्षांनी. त्यानंतरही अनेक देशांत मुलांच्या खांद्यावर बंदुका दिसतच आहेत. कागदावरील करार आणि भरतीच्या मेजापाशी बसलेला माणूस यांच्यामध्ये अद्यापही मोठे अंतर आहे. ते अंतर दर वेळी कोणीतरी एकाने भरून काढावे लागते: समोर उभ्या राहिलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे नीट पाहून, ‘बाळ, तुझे खरे वय काय?’ एवढे विचारून. १२ एप्रिल १९१५ रोजी मेलबर्नच्या त्या कचेरीत हा प्रश्न कोणी विचारला नाही.